गिरडकर घटक

माझ्या जळफळाटाची किंमत चारशे कोटी रुपये आहे. हे मी म्हणत नाही. सरकारी यंत्रानं म्हटलं, तेही भरल्या मीटिंगमध्ये, भिंतीएवढ्या पडद्यावर आणि माझ्या साडूच्या समोर.

साडूचं नाव निनाद गिरडकर. माझं नाव प्रफुल्ल ढोमणे. माझी बायको कल्याणी, तिची धाकटी बहीण शलाका आणि शलाकाचा हा नवरा. एका घरचे दोन जावई म्हटलं की तुलना आलीच. पण आमचं नशीब असं की ऑफिससुद्धा एकच, नागपूरचं भूगर्भ साठवण मंडळ. म्हणजे सणावारीही तोच आणि सोमवारीही तोच. दिसायला बरा, बोलायला गोड, कोणाच्या अध्यातमध्यात नाही. सासूबाईंना बीपीची गोळी घेतली का म्हणून रोज सकाळी फोन करतो. असा साडू शत्रूलाही मिळू नये.

आमच्या मंडळाचं काम आधी सांगतो, नाहीतर माझं दुखणं कळणार नाही.

अणुभट्टीतलं इंधन वीज देऊन झालं की बाहेर काढतात. पण चुलीतला निखारा विझतो तसं ते विझत नाही. त्याच्यातली मूलद्रव्यं फुटत राहतात आणि उष्णता देत राहतात, आधी भरमसाट, मग वर्षानुवर्षं कमी कमी. म्हणून पहिली काही वर्षं ते पाण्याच्या खोल तळ्यात ठेवतात. त्यानंतर काय? त्याचा किरणोत्सार निरुपद्रवी व्हायला लाखभर वर्षं लागतात, आणि तेवढी वर्षं पहारा देणारा चौकीदार अजून जन्माला यायचाय. म्हणून ते जमिनीत अर्धा किलोमीटर खोल पुरायचं ठरलं, ज्या दगडाची झोप कोट्यवधी वर्षांत कोणी मोडली नाही अशा दगडात. आमच्या पूर्व विदर्भात दगडपार नावाच्या टेकडीखाली असा दगड सापडला. तिथं बोगदे खणायचे, तांब्याच्या जाड पिंपांत इंधन भरायचं, पिंपाभोवती बेंटोनाइट नावाची माती ठासायची आणि बोगदा कायमचा बुजवून टाकायचा. ही माती मोठी गुणाची. पाणी लागलं की फुगते आणि आपल्या भेगा आपणच बुजवते. तिची अट एकच, तिला फार तापवायचं नाही. पाणी उकळतं त्याच्या वर ती तापली की वाळते, तडकते, आणि मग तिच्यात आणि शेतातल्या ढेकळात काही फरक राहत नाही.

म्हणजे सगळा खर्च येऊन अडतो एका गोष्टीवर. दोन पिंपांमध्ये अंतर किती सोडायचं? पिंपं गरम असतील तर ती लांब लांब ठेवावी लागतात. लांब ठेवली की बोगदे वाढतात, आणि बोगद्याचा प्रत्येक मीटर सोन्याच्या भावानं पडतो. हे अंतर ठरवणं निनादचं काम. त्या अंतरावरून शंभर वर्षांच्या खर्चाचं इस्टिमेट बांधणं माझं काम. आणि हा पैसा गोळा करायचा आजच्या वीजबिलातून, युनिटमागे ठराविक पैसे कापून. तो दर कायद्यात एकदाच ठरणार होता. आकडा कमी धरला तर बाकीचा खर्च पणतवंडांच्या डोक्यावर. त्यांच्या घरात त्या विजेचा साधा बल्बसुद्धा लागलेला नसणार.

आता त्या यंत्राबद्दल. त्याचं नाव कसोटी. इस्टिमेट करणारा कुठलाही माणूस हात राखून आकडा देतो. खालचा वाढवून सांगतो, कारण वरचा कापणार. वरचा कापतो, कारण खालच्यानं वाढवलंय हे त्याला ठाऊक असतं. तोही कधीकाळी खालचाच होता ना! या खेळात आमच्या पिढ्या गेल्या. कसोटीनं देशभरातल्या धरणांची, पुलांची, मेट्रोची जुनी इस्टिमेटं आणि प्रत्यक्ष झालेले खर्च शेजारी शेजारी ठेवून वाचले आणि तिला माणूस कळायला लागला. कोण घाबरून वाढवतो, कोण साहेबाला खूश करायला कमी सांगतो, कोण कोणाच्या कामाला मुद्दाम चढवतो. मग ती प्रत्येकाच्या आकड्यातून त्या माणसाला वजा करायची आणि उरलेला आकडा वर पाठवायची. मंत्रालयात तोच चालायचा. आमचा कोणी विचारत नव्हतं.

तर त्या दिवशी दगडपारचं पहिलं इस्टिमेट पडद्यावर आलं. आमच्या प्रमुख बोधनकर मॅडम खुर्चीत, आजूबाजूला पंचवीस-तीस माणसं. माझ्या नावापुढे लिहून आलं: ‘ढोमणे, सर्वसाधारण वाढ माफक. गिरडकर यांच्या कामावर विशेष वाढ, चारशे कोटी. तांत्रिक कारण आढळत नाही. वजा केली.’

मग मागून कोणीतरी म्हणालं, "साडूभाऊचा भाव जोरात आहे बाप्पा!" आणि अख्खी खोली हसली.

मला हसण्याचं एवढं वाटलं नाही. पण निनाद उठला आणि शांतपणे म्हणाला, "मॅडम, हे पडद्यावरून काढता येईल का? दादांचा अनुभव मोठा आहे. त्यांना काही दिसलं असेल."

दादा म्हणजे मी. भर सभेत माझी अब्रू वाचवायलाही हाच! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

संध्याकाळी मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. शलाकानं कल्याणीला फोन केला असणार.

"चारशे कोटी?" कल्याणी दारातच म्हणाली. "माझ्यासाठी कधी चार हजारांची साडी आणताना हात थरथरतो तुमचा."

"ते यंत्र मूर्ख आहे."

"मूर्ख? आपल्या फोनमधली बघा की." एव्हाना कसोटीची घरगुती आवृत्ती फोनात आली होती. नवरा दहा मिनिटांत येतो म्हणाला की ती बायकोला खरी वेळ सांगायची. सुतार, केटरर, दर्जी, सगळ्यांचे वायदे लोक तिच्यातून गाळून घेत. लग्नाच्या बैठकीतसुद्धा मुलाकडचे बोलायला लागले की मुलीकडचे खुशाल फोन बघत. "तुम्ही निनादबद्दल काही बोलले की ही काय दाखवते माहितीये? ‘ऐकू नका.’"

"तू माझी बायको आहेस का त्याची मेहुणी?"

"दोन्ही आहे," ती म्हणाली, "आणि म्हणून मधल्यामध्ये मी मरून राहिली. काऊन जळता हो त्याच्यावर? काय केलं त्यानं तुमचं?"

काय केलं? तेच तर ना. काही केलं असतं तर बरं झालं असतं. धाकटा असून माझ्या बरोबरीला येऊन बसला. मी पंधरा वर्षं घासून जे शिकलो ते त्यानं हसत हसत उचललं. बोधनकर मॅडम वर्षभरात निवृत्त होणार होत्या. त्या खुर्चीसाठी दोनच नावं होती, त्याचं आणि माझं. ती खुर्ची मला हवी होती, आणि त्याला मिळू नये हे त्याहून जास्त हवं होतं. मी हे कल्याणीला सांगितलं नाही. तिला ठाऊकच होतं.

त्यानंतर लगेच अधिक महिना लागला आणि सासूबाईंचं बोलावणं आलं. धोंड्याचं जेवण, दोन्ही जावयांना वाण. दर तीन वर्षांनी हा सोहळा उमरेडला सासुरवाडीत होतो आणि दर तीन वर्षांनी माझं रक्त आटतं.

दोन पाट, दोन्हींभोवती रांगोळी. मी नीट बघितलं, रांगोळ्या सारख्याच होत्या. समया सारख्या. चांदीच्या वाट्या मी हातात घेऊन वजन केल्यासारखं केलं, तर कल्याणीनं डोळे वटारले. जेवणं झाली. मग सासूबाईंनी अनारशांचा भलामोठा डबा मांडीवर घेतला. तळाला आदल्या दिवशीचे अनारसे होते. वर आत्ताच तळलेल्यांचा थर. कढई अजून गॅसवरच होती.

"शलाका, आधी खालचे काढ गं," सासूबाई म्हणाल्या. "जुने आधी संपले पाहिजेत. वरचे उद्याला."

शलाकानं वरचे बाजूला सारून खालून दोन अनारसे काढले आणि माझ्या ताटात घातले. मऊ पडलेले. गरम अनारसे वर ठासून भरल्यामुळे वाफ धरली होती आणि खालच्यांचा कुरकुरीतपणा पार गेला होता. मी एक घास तोडला. नियम म्हणजे नियम.

मग सासूबाई निनादकडे वळल्या. आणि ज्यांनी नियम केला होता त्याच बाईंनी डब्यात हात घालून वरचे दोन अनारसे उचलले, सोनेरी, खसखस चिकटलेले, तूप ओघळणारे, आणि त्याच्या ताटात वाढले.

"आई, जुने आधी ना?" मी म्हटलं. आवाज जरा चढलाच.

"अहो जावईबापू, हाताला जे वर लागलं ते दिलं," त्या सहज म्हणाल्या. "तळात हात कोण घालतं दरवेळी?"

सासरे हसले, शलाका हसली, निनाद ओशाळला. मी मऊ अनारशाचा घास तोंडात तसाच धरून बसलो. डोक्यात काहीतरी खट्टकन लागलं होतं.

निनादच्या अंतराच्या हिशेबात पहिल्याच पानावर एक गृहीत होतं. सगळ्यात जुनं इंधन आधी पुरायचं. पन्नास वर्षं निवलेलं, म्हणून कमी गरम, म्हणून पिंपं जवळ जवळ ठेवता येतील. नियम तसाच होता, सरकारनं छापलेला, जुने आधी. मी त्याच्या कामात डझनभर खोट्या चुका शोधल्या होत्या, पण या ओळीवर कधी बोट ठेवलं नव्हतं, कारण ती नियमाची ओळ होती. पण वीजकेंद्रातली माणसं तळात हात घालतील? का हाताला जे वर लागेल ते पाठवतील?

"दादा, काय झालं?" निनादनं विचारलं. "माझ्यातले घ्या ना."

"नको," मी म्हटलं. मरेन पण तुझ्या ताटातले खाणार नाही, हे मनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अविनाश खोब्रागडेला फोन लावला. माझा कॉलेजचा दोस्त, एका वीजकेंद्रात इंधनाच्या तळ्याचा प्रमुख आहे. विचारलं, "अव्या, पुरायला माल न्यायला गाडी आली, तर आधी काय देशील?"

"तळ्यातलं, अजून काय?" तो म्हणाला. "तळं भरत आलंय आमचं. भट्टीतून नवीन काढलं तर ठेवायला जागा नाही."

"आणि जुनं?"

"जुनं कधीच कोरड्या पिंपांत सीलबंद करून यार्डात उभं केलंय. शांत पडलंय बिचारं, कोणाला त्रास नाही. ते सील तोडायचं, परत तपासायचं, परत भरायचं, एवढी हौस कोणाला आहे बे?"

"पण नियम आहे ना, जुने आधी."

"नियमात सवलत आहे. कामकाजाच्या सोयीनुसार. वाच ना शेवटचं कलम."

वाचलं. होतं. तळ्यातल्या, म्हणजे दहा-बारा वर्षंच निवलेल्या इंधनाची उष्णता पन्नास वर्षांच्या इंधनाच्या दुपटीहून जास्त असते. निनादच्या अंतरावर तसली पिंपं ठेवली तर शेजाऱ्याची ऊब शेजाऱ्याला लागून माती उकळीच्या वर जाणार होती. वाळणार, तडकणार. उपाय दोनच होते. अंतर जवळपास दुप्पट करायचं, नाहीतर जमिनीवर मोठं आवार बांधून पिंपं तिथं अजून तीसेक वर्षं निवत ठेवायची. दोन्हींत खर्च अफाट. मी दोन्हींचं इस्टिमेट बांधलं. या खेपेला हात राखला नाही, एक पैसाही नाही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात स्वच्छ इस्टिमेट होतं ते. आणि खरं सांगू? आनंदानं माझे पाय जमिनीवर नव्हते. निनादची चूक! खरी, ठसठशीत, माझ्या हातानं सापडलेली!

कसोटीत आकडा घातला. कारण लिहिलं. आकडेमोड जोडली. उत्तर आलं:

‘या अधिकाऱ्याचे गिरडकर यांच्या कामावरील आजवरचे आक्षेप अनेक. खरा ठरलेला एकही नाही. प्रस्तुत वाढ त्याच जातीची धरून वजा केली.’

मी तसाच बोधनकर मॅडमच्या खोलीत गेलो. त्यांनी माझं काम पूर्ण वाचलं. त्या हुशार बाई. चष्मा काढून म्हणाल्या, "ढोमणे, मला हे पटतंय."

"मग बदला आकडा."

"मी बदलला तर मी तुमच्या बाजूची ठरते, आणि कसोटी माझाही कापते. तिच्या लेखी संशयाची सुरुवात तुमच्यापासून आहे. तुम्ही इतके वेळा ओरडलात ना प्रफुल्ल, झाकण पातळ आहे, जोड कच्चा आहे, उतार चुकलाय. एक तरी खरं निघालं?"

नव्हतं निघालं.

"एक वाट आहे," त्या म्हणाल्या. "ज्याचं काम त्यानंच स्वतःची चूक म्हणून सांगितली, तर कसोटी त्यातला छदामही कापणार नाही. स्वतःच्या विरुद्ध कोणी वाढवून सांगत नाही, हे ती शिकलेली आहे."

"म्हणजे मी हे निनादला नेऊन द्यायचं?"

"हो."

"त्याच्या नावावर?"

"पूर्ण त्याच्या नावावर. तुमचं नाव कुठं दिसलं की गेलं."

"आणि मग तो प्रामाणिकपणाचा पुतळा होणार आणि तुमच्या खुर्चीत बसणार."

"बहुतेक," मॅडम म्हणाल्या. त्यांनी मला खोटा धीर दिला नाही, हे मात्र कबूल केलं पाहिजे. "पंधरा तारखेला आकडा बंद होतो. मग कायदा. मग शंभर वर्षं कोणी उघडणार नाही."

मी दोन दिवस फुगून बसलो. जेवणात मीठ कमी म्हणून कल्याणीशी भांडलो, मीठ बरोबर होतं. माझ्या मनात काय काय आलं ते ऐका. पुरू दे ना तशीच पिंपं! वाळू दे माती! तीस वर्षांनी खणतील तेव्हा म्हणतील, गिरडकरनं घाण केली, ढोमणे ओरडत होता. पण तेव्हा ढोमणे नसणार. आणि दगडपारच्या खाली उतरून ते परत उपसणारी पोरं कोणाची तरी असणार. त्यांनी माझं काय घोडं मारलंय? जळायचं तर मी निनादवर जळतो. त्या पोरांवर नाही.

शनिवारी दुपारी त्याच्या घरी गेलो. निनाद महाराज गच्चीवर शलाकाचे सांडगे वाळत घालत होते. नवरा असावा तर असा, हे आमच्या घरी मला आठवड्यातून दोनदा ऐकवलं जातं.

"दादा? या ना! शलाका, चहा टाक गं, दादा आले."

"चहा नको. हे वाच."

त्यानं कागद घेतला. पहिली ओळ वाचून त्याचा चेहरा पडला. "दादा, परत?" तो म्हणाला. इतक्या दुखावल्या आवाजात की मला क्षणभर बरं वाटलं. "मी कधी तुमच्या वाटेला गेलो का? काय करू म्हणजे तुमचं समाधान होईल?"

"आईंच्या अनारशाचा डबा आठव," मी म्हटलं. "मला खालचे मिळाले का वरचे?"

"अं?"

"मला खालचे मिळाले, कारण नियम होता. तुला वरचे मिळाले, कारण हाताला वरचे लागले. आता तू वीजकेंद्राचा प्रमुख आहेस. वर तळं, खाली यार्ड. गाडी आली. काय भरशील?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग कागदाकडे. मग उन्हातच खाली बसला आणि पाठकोऱ्या कागदावर भराभर हिशेब मांडायला लागला. सांडग्यांवर एक कावळा येऊन बसला तरी त्याला भान नव्हतं. मीच हाकलला.

"बापरे," तो शेवटी म्हणाला. "माती वाळणार."

"वाळणार."

"दादा, हे तुम्ही शोधलंत! मी आत्ता मॅडमना फोन करतो. सगळ्यांना सांगतो की प्रफुल्लदादांनी..."

"गप!" मी ओरडलो. "सांगशील तर याद राख. माझं नाव आलं की कसोटी कापते. हे तुझ्या नावावर जाणार. तुझी चूक, तूच शोधली, तूच दाखवली."

"हे मी कसं करू? तुमचं आहे ते."

"माझं आहे ते मला माहितीये रे!" मी म्हटलं. तोंडातून शब्द निघत होते आणि आतून मी म्हणत होतो, नाही म्हण, लेका, नाही म्हण. "माझं आहे म्हणूनच मी ठरवणार ना ते कोणाला द्यायचं? घाल तुझ्या नावावर."

"तुम्हाला फार वाईट वाटेल, दादा."

"वाटेल काय? आत्ताच वाटून राहिलं. तुला बघवत नाही मला, निनाद. तू चांगला आहेस ना, म्हणून जास्तच बघवत नाही. पण ते मी सांभाळतो. तू माती सांभाळ."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात शलाका चहा घेऊन आली आणि म्हणाली, "भाऊजी, काय बोललात ह्यांना?" म्हणजे गुन्हेगार परत मीच.

सोमवारी निनादनं कसोटीत आपली चूक घातली. कसोटीनं एक पैसा कापला नाही. उलट शेरा दिला की स्वतःच्या कामाविरुद्ध एवढी मोठी दुरुस्ती तिच्या वाचनात नाही. मग मला त्याच्या नव्या अंतरावर रीतसर इस्टिमेट द्यायचं होतं. माझंच काम, माझ्याच घरी परत आलं होतं, त्याची टोपी घालून. मी पुन्हा पहिल्यापासून बांधलं. जिथं हात वर जायला बघत होता तिथं तो धरून ठेवला. जेवढं तेवढं दिलं.

आकडा वर गेला. वीजबिलावरचा दर वाढला, वर्तमानपत्रांनी आरडाओरडा केला, आणि प्रामाणिक अभियंता म्हणून निनादचा फोटो छापला. कायदा झाला. मॅडम निवृत्त झाल्या आणि खुर्ची त्याला मिळाली. सत्काराला शाल, श्रीफळ, भाषणं. सासरे उमरेडहून मुद्दाम आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आपली चूक आपल्या तोंडानं सांगायला छाती लागते." निनाद माइकपाशी उभा राहिला, त्यानं माझ्याकडे बघितलं, त्याचे ओठ हलले. मी पहिल्या रांगेतून असे डोळे वटारले की त्यानं फक्त आभार मानले आणि खाली बसला. कायद्यातला दर राजपत्रात छापून यायला अजून आठवडा होता. एका आठवड्यात यंत्राचं काय सांगता येतं?

राजपत्र आल्यावरही मी त्याला बोलू दिलं नाही. एव्हाना माझ्यासारख्यानं ‘ते मीच शोधलं होतं’ म्हटलं असतं तर फोनातल्या कसोटीनं घराघरात काय दाखवलं असतं? ऐकू नका.

कल्याणीला मात्र कळलं. शलाकानंच सांगितलं असणार. त्या रविवारी माझ्या ताटात श्रीखंड आलं, न मागता.

बघता बघता पुढचा अधिक महिना आला. दगडपारला खोदाई सुरू झाली होती, पिंपांतलं अंतर आमचं होतं. म्हणजे त्याचं. कसोटीनं त्याच सुमारास कोणत्या अधिकाऱ्याच्या आकड्यातून किती वजा करायचं ते नव्यानं काढलं. निनादनं स्वतः मला आपल्या खोलीत बोलावलं आणि पडदा माझ्याकडे फिरवला. चेहरा असा फुललेला की जणू त्यालाच मुलगा झाला.

‘ढोमणे, गिरडकर यांच्या कामावरील विशेष वाढ शून्य. गिरडकर घटक नाहीसा झाला आहे.’

"दादा, शून्य!" तो म्हणाला.

"दिसतंय मला," मी म्हटलं आणि बाहेर आलो.

उमरेडला दोन पाट होते. रांगोळ्या सारख्या होत्या. जेवणं झाली, सासूबाईंनी डबा मांडीवर घेतला. खाली कालचे, वर आत्ताचे. "जुने आधी गं," त्या म्हणाल्या आणि माझ्या ताटात दोन मऊ अनारसे आले. मग त्यांचा हात सवयीनं डब्यात वरच थांबला आणि दोन सोनेरी अनारसे निनादच्या ताटात पडले.

निनादनं ताटाकडे बघितलं. आपले दोन्ही अनारसे उचलले, माझ्या ताटात ठेवले आणि माझे मऊ पडलेले आपल्या ताटात घेतले. सगळ्यांसमोर.

"अगं बाई," सासूबाई गहिवरून म्हणाल्या, "किती मोठं मन आहे बघा पोराचं!"

सासऱ्यांनी मान डोलावली. शलाकानं नवऱ्याकडे असं बघितलं की विचारू नका. कल्याणी माझ्याकडे बघत होती, गालातल्या गालात हसत.

मी अनारसा तोडला. कुरकुरीत होता, आतून जाळी पडलेली, तूप बेताचं. असा अनारसा मी त्या घरात याआधी कधी खाल्ला नव्हता. आणि घासागणिक माझ्या पोटात भडका उठत होता. हे मोठेपणसुद्धा त्यालाच सुचायचं!

शून्य म्हणे.